फुटक्या टाकीचं लपण: जोडलेली चीर पुन्हा पुन्हा का उघडते

पाणी धरत नाही म्हणून गच्चीवरून उतरवलेल्या प्लास्टिकच्या टाक्यांची मी लपणं, म्हणजे आत लपून बसायच्या जागा, करून देतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना माळावर बसायला लागतात, शेतकऱ्यांना रात्री मक्याची, ज्वारीची राखण करायला लागतात. नवीन कामाइतकंच जुन्या कामाच्या दुरुस्तीचं बोलावणं येतं आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चीर भरली होती, पुन्हा उघडली. कुणी तीच चीर चार वेळा भरलेली असते, दर वेळी आधीपेक्षा जास्त माल ओतून.

अमेरिकेत भातखाचरात अशा टाक्या पुरून बदकांच्या शिकारीसाठी बसायची जागा करतात. त्याचे फोटो बघून काही जण विचारतात, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथलं सगळं कॅमेरा, दुर्बीण आणि पिकाची राखण यांच्यापुरतं आहे. लपण स्वतःच्या शेतात ठेवा. वनखात्याच्या हद्दीत ठेवायचं तर आधी परवानगी घ्या.

लक्षणं: तुमची टाकी यातल्या कुठल्या गटात बसते

भरलेला एम-सील किंवा फायबरचं ठिगळ सबंध एका तुकड्यात निघून येतं. उलटून बघितलं तर त्याची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असते, टाकीचा कणही तिला चिकटलेला नसतो. हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. इथे ठिगळ कमी पडलेलं नसतं, ते मुळात चिकटलेलंच नसतं.

ठिगळ जागेवर आहे, पण चीर त्याच्या टोकाखालून पुढे गेली आहे. याचा अर्थ चीर भरली गेली, थांबवली गेली नाही.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला आहे. हा कापण्यातला दोष आहे, टाकीचा नाही.

जुन्या आउटलेटच्या भोकाभोवती सूर्यकिरणांसारखे बारीक तडे आहेत.

तळाच्या वळणावर, जिथे उभी भिंत बुडाकडे वळते तिथे, आडवी चीर आहे. इथे बैठक बघायची.

एक चीर अशी नाहीच, पण उन्हाकडची सगळी बाजू पांढुरकी पडली आहे, बोट फिरवलं की भुकटी लागते आणि जवळून बारीक जाळी दिसते. ही टाकी संपली आहे. तरीही खालची पहिली तपासणी करून खात्री करा.

चीर नीट जोडलेली दिसते, तरी सकाळी आत ओल असते. यात निम्म्याहून जास्त वेळा चिरेचा काही संबंध नसतो.

जमिनीत पुरलेली टाकी पावसाळ्यात कलली, वर आली किंवा तिची भिंत आत दबली. हे सगळ्यात अवघड काम, म्हणून शेवटी घेतलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

या टाक्या पॉलिथिलीनच्या असतात. साच्यात भुकटी घालून, साचा तापवत फिरवून त्या बनवतात, म्हणून त्यांना कुठे सांधा नसतो. पॉलिथिलीनचे दोन गुण आपल्या कामाच्या आड येतात. एक, त्याला काहीही चिकटत नाही. एम-सील, फेव्हिक्विक, पीव्हीसीचं सोल्युशन, फायबरची रेझिन, सगळं वरवर धरतं आणि सुटतं. दोन, ते ऊन-थंडीत फार हलतं. लोखंडापेक्षा दहा पटींहून जास्त प्रसरण पावतं. हजार लिटरच्या टाकीचा घेर साडेतीन मीटरच्या आसपास असतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेलं काळं प्लास्टिक भर उन्हात ६० अंशांपर्यंत जातं, तेव्हा तो घेर अडीच-तीन सेंटिमीटरने वाढतो. वीतभर लांबीच्या कडक पट्टीखाली प्लास्टिक मिलीमीटरभर तरी जास्त सरकतं. रोज सरकतं, रोज मागे येतं. कडक माल या हालचालीत टिकत नाही, म्हणून चीर भरण्याआधी टाकीचं हलणं कमी करायचं आणि जे ठिगळ लावायचं ते तिच्याबरोबर हलेल असं लावायचं. पुढची सगळी कामं या एका गोष्टीवर उभी आहेत.

आपली एक सोयही आहे. लपणात पाणी भरायचं नसतं. मीटरभर उंचीच्या पाण्याचा दाब आतून ढकलत नसला की साध्या दुरुस्तीही वर्षानुवर्षं टिकतात. याच कारणाने एक विनंती: इथल्या पद्धतीने जोडलेल्या टाकीत पुन्हा पाणी भरू नका आणि ती पुन्हा घराच्या गच्चीवर तर मुळीच चढवू नका.

तपासणी पहिली: बोट, नख आणि चाकू (खर्च शून्य)

उन्हाकडची बाजू ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. मग बोट फिरवा. थोडी भुकटी वरच्या थरातून येते आणि तेवढ्याने टाकी बाद होत नाही. आता धारदार चाकूने कडेचा पातळ काप काढा. पेन्सिलीला टोक करताना निघते तशी लांब, वळलेली साल निघाली तर आतलं प्लास्टिक जिवंत आहे. सालीऐवजी भुगा पडला तर उन्हाने ते मेलं आहे. अंगठ्याने भिंत जोरात दाबून बघा: ती आत जाऊन परत आली पाहिजे. दाबताना चर्र असा बारीक आवाज आला तर तिथे हात लावून पुढचा वेळ घालवू नका.

ही तपासणी पहिली का? मेलेल्या प्लास्टिकला ड्रिल लावलं की भोकापासून नवा तडा निघतो आणि वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारून तुटतं. पुढच्या साऱ्या मेहनतीचा निकाल या दोन मिनिटांत लागतो.

बऱ्याचदा उन्हाकडची बाजू मेलेली आणि सावलीची बाजू चांगली, असं निघतं. मग मेलेल्या बाजूतच दार कापा. जो भाग काढून टाकायचा आहे तो आधीच बाद असेल तर फायदाच.

दुसरी: टाकीत आधी काय होतं

पाण्याची टाकी असेल तर प्रश्न नाही. पण भंगारातून आणलेली असेल, आतल्या भिंतीवर पिवळट किंवा तपकिरी डाग असतील, झाकण उघडताच औषधाचा, डिझेलचा किंवा ॲसिडचा वास येत असेल तर ती टाकी लपणासाठी घेऊ नका. पॉलिथिलीन असले पदार्थ शोषून घेतं आणि ऊन लागलं की हळूहळू सोडतं. माणूस त्यात तासन् तास कोंडलेल्या हवेत बसणार आहे. निरमा आणि गरम पाण्याने हे जात नाही. शिवाय अशा टाकीला हीट गन (प्लास्टिक मऊ करणारी गरम हवेची बंदूक) लावणं म्हणजे आतल्या वाफेला आग लावणं. इथे थांबायचं, दुरुस्तीचा विचारही करायचा नाही.

तिसरी: हे प्लास्टिक नेमकं कुठलं

कडेचा नखाएवढा तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिथिलीन, बुडाला तर दुसरं काही. तुटलेल्या कडेत काचेचे बारीक धागे दिसले तर ती फायबरची टाकी आहे. तिचं शास्त्र वेगळं: तिला फायबरची जाळी आणि रेझिन छान धरते, पण घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून ते काम फायबरवाल्याकडेच द्या.

तरंगलेला तुकडा पकडीत धरून हीट गनखाली तापवा. पॉलिथिलीन आधी चकाकतं, मग मेणासारखं मऊ पडतं. मऊ न होता नुसतंच करपत असेल तर ते वेल्ड होणारं प्लास्टिक नाही. मग आठव्या तपासणीतल्या बोल्टच्या ठिगळावर भागवा.

चौथी: सावली

हे लोक सगळ्यात शेवटी करतात आणि मी जवळपास पहिल्यांदा करायला लावतो. जुनी बारदानं उसवून टाकीवर दुहेरी टाका, सुतळीने बांधा, वरून कडबा किंवा वाळलेलं गवत खोचा. खर्च नगण्य. टाकीला तडा देणारी दोन कारणं, ऊन आणि रोजची हालचाल, दोन्ही एका बारदानाने निम्म्यावर येतात. दुपारी बारदानाखाली हात घालून बघा आणि मग उघड्या प्लास्टिकवर ठेवून बघा, हाताला लगेच कळतं.

रंग देऊ नका. पॉलिथिलीनवर ऑइलपेंट महिन्या-दोन महिन्यांत पापुद्र्यांनी निघतो आणि ते पापुद्रे शेतभर होतात. बारदानाने लपण्याचं कामही रंगापेक्षा चांगलं होतं, कारण त्याला चकाकी नसते. प्राण्या-पक्ष्यांना चमकणारा गोल आकार खटकतो, मातकट ढीग खटकत नाही. लपण जागेवर ठेवून आठ-पंधरा दिवस तिकडे फिरकू नका, म्हणजे त्यांना सवय होते. घरट्याजवळ ठेवू नका. अंडी-पिलं सोडून आई उडून गेली तर त्या फोटोची किंमत फार होते.

पाचवी: आतली ओल

चिरेवर माल ओतण्याआधी ओल येते कुठून ते शोधा. रात्री चिरेच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद चिकटपट्टीने लावा. सकाळी कागदावर चिरेच्या रेषेतच ओल उमटली असेल तर चीर गळते. कागद सगळीकडे सारखाच दमट आणि छपराच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत असतील तर ते माणसाच्या श्वासाचं आणि दवाचं पाणी आहे. त्याला सीलिंगचा उपाय नाही, हवेचा आहे. वरच्या बाजूला, पावसाच्या विरुद्ध दिशेला दोन आणि खाली दोन अशी हवेची भोकं करा. आतली गरम हवा वरून निघते, खालून थंड येते. भोकांना मच्छरजाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या आत घर करतात.

हवेच्या वाटा असल्या तरी आत स्टोव्ह, शेगडी किंवा कोळशाचं घमेलं पेटवायचं नाही. थंडीच्या रात्री राखण करणाऱ्यांना हे मोह होतात. बंद टाकीत कोळशाचा वायू वास न येता माणसाला झोपवतो. घोंगडी घ्या.

सहावी: बैठक

तळाच्या वळणावरची चीर जोडण्याआधी टाकी हलवून बघा. डोलत असेल तर खाली कुठेतरी दगड आहे आणि तिचं आणि आतल्या माणसाचं वजन त्या एका बिंदूवर येतं आहे. टाकी उचला, जमीन सपाट करा, चार बोटं मुरूम अंथरून धुम्मसने ठोका, वर बारीक वाळूचा थर द्या. लेव्हल ट्यूब असेल तर उत्तम, नसेल तर सरळ फळी आणि बाटलीत अर्धं पाणीही काम देतं. आत लाकडी फळी टाका, म्हणजे स्टुलाचे पाय प्लास्टिकमध्ये घुसणार नाहीत. स्टुलाच्या पायानेच बुडाला भोक पडलेल्या टाक्या माझ्याकडे सतत येतात.

रिकामी हजार लिटरची टाकी दोन माणसं सहज उचलतात, म्हणजे वळवाचा वारा ती आणखी सहज उचलतो. ती बांधावीच लागते, पण बुडातून बोल्ट मारून पक्की आवळू नका. आवळलेल्या भोकापासून नवा तडा निघतो. टाकीवरून दोरखंड टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत खुंट्यांना बांधा. दोर टाकीला थोडं हलू देतो, उडू देत नाही.

सातवी: कापलेल्या कडा आणि जुनी भोकं

खिडकी चौकोनी कापली की चारही कोपऱ्यांत ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. नवीन खिडकी कापताना आधी चारही कोपऱ्यांत ५० मिलीमीटरच्या होलसॉने गोल भोकं करा, मग जिगसॉने ती भोकं एकमेकांना जोडा. कोपरा आपोआप गोल होतो. आधीच चौकोनी कापलेली असेल तर त्याच होलसॉने कोपरे खाऊन टाका, तिरका तडा फार लांब गेलेला नसेल तर तोही त्यात निघून जातो. कापून झाल्यावर कडेवर हात फिरवा आणि खरखर लागेल तिथे चाकूने खरवडून, वर बारीक पॉलिश पेपर फिरवा. करवतीच्या दाताचा प्रत्येक ओरखडा हा उद्याच्या तड्याची सुरुवात असतो.

आउटलेटच्या भोकाभोवतीच्या किरणांसारख्या तड्यांना निपल आणि वॉशर लावून आवळत बसू नका. लपणाला आउटलेट लागत नाही. तडे जिथवर गेले आहेत त्याच्या पलीकडून मोठं गोल भोक कापा. तड्यांसकट तुकडा बाहेर येतो आणि त्या जागी जाळी लावली की हवेची वाट तयार होते.

दाराचं जरा जपून. उभी टाकी ताठ राहते ती तिच्या सलग घेरामुळे. दार कापलं की घेर तुटतो. दाराच्या वर आणि खाली निदान वीतभर भिंत अखंड ठेवा. दार घेराच्या चौथ्या हिश्श्याहून रुंद करू नका. माणूस वाकून आत जाईल इतकंच ठेवा. कडेला जुन्या एचडीपीई (कडक पॉलिथिलीनच्या) पाइपाचा तुकडा लांबीत चिरून पट्टीसारखा बसवा. कडेला ताठपणा येतो आणि कॅमेऱ्याची बॅग आत नेताना हात-पाय कापत नाहीत.

कापून निघालेले तुकडे अजिबात फेकू नका. ठिगळाला आणि वेल्डिंगच्या काडीला याहून चांगला माल बाजारात मिळत नाही, कारण तो त्याच टाकीचा आहे.

आठवी: चीर थांबवणं आणि ठिगळ

आता चिरेकडे. पहिलं काम तिचं खरं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ती केसासारखी गेलेली असते. काळ्या टाकीवर खडूची पूड पाण्यात कालवून चिरेवर फासा, वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. पूड चिरेत अडकून पांढरी रेषा राहते आणि ती संपते तिथे टोक. त्याच्या पुढे सेंटिमीटरभर अंतरावर, चिरेच्याच रेषेत, ६ मिलीमीटरच्या धारदार बिटने भोक पाडा. ड्रिल हळू चालवा, जोरात चालवलं की प्लास्टिक वितळून भोकाची कड खडबडीत होते. मागच्या टोकालाही तसंच. भोकामुळे टोकाचा ताण गोल कडेवर पसरतो आणि चीर तिथे थांबते. हे भोक न पाडता लावलेलं कुठलंही ठिगळ म्हणजे चीर झाकून ठेवणं.

मग ठिगळ. टाकीच्या कापलेल्या तुकड्यातून चिरेपेक्षा सगळीकडून चार बोटं मोठा तुकडा कापा, कोपरे गोल करा. गोलाई टाकीच्या भिंतीशी जुळेल असा धरा. उलटा धरला तर तो कायम उसळत राहतो. दोन्ही पृष्ठभाग खरवडून, स्पिरिटने पुसून मध्ये ब्यूटाइलची टेप लावा. ती पत्र्याच्या छपराच्या कामाला मिळते, काळी, च्युइंगमसारखी लवचीक. ती पॉलिथिलीनला धरते आणि हलू देते. सिलिकॉन वापरू नका, ते इथे धरत नाही. आता ६ मिलीमीटरचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, पण ठिगळातली भोकं ८ ते १० मिलीमीटरची. हे सैल भोक सगळ्यात महत्त्वाचं आहे. बोल्ट आवळल्यावरही उन्हात ठिगळ थोडं सरकू शकतं आणि नवा ताण तयार होत नाही. नट हाताने घट्ट करून पान्याने अर्धा फेरा द्या, त्याहून जास्त नको. वॉशर प्लास्टिकमध्ये रुतायला लागला की थांबा.

ठिगळ शक्यतो बाहेरून लावा आणि वरची कड चिरेच्या बरीच वर घ्या, म्हणजे पाऊस कौलासारखा ओघळून जातो. बहुतेक लपणांचं काम इथेच संपतं. वेल्डिंगपर्यंत जायची गरज पडत नाही.

नववी: वेल्डिंग

चीर जिथे माणसाचा भार येतो तिथे असेल, किंवा बोल्ट मारायला आतून हात पोचत नसेल, तर वेल्डिंग. सोल्डरिंग आयर्नने वरवर डागणं म्हणजे वेल्डिंग नाही. त्याने फक्त वरची कातडी एकत्र येते, खाली चीर तशीच राहते.

काम सुरू करण्याआधी कापलेल्या तुकड्यावर सराव करा. दोन तुकडे जोडा, पूर्ण थंड झाल्यावर जोडावर दुमडा. जोडातून उघडलं तर उष्णता कमी पडली. जोडाच्या शेजारून तुटलं तर करपलं किंवा प्लास्टिकच जुनं आहे. दुमडूनही टिकलं तरच टाकीला हात लावा.

टाकीची भिंत साधारण चार-पाच मिलीमीटर जाड असते. चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडल्यावर चीर व्ही आकारात जाडीच्या दोन तृतीयांश खोल खरवडा. दोन्ही बाजूंचा बोटभर रुंद पट्टाही चाकूने खरवडून आतलं ताजं, तकतकीत प्लास्टिक उघडं करा. उन्हाने मेलेला वरचा थर जोडात राहिला तर जोड धरत नाही. बहुतेकांचं वेल्डिंग सुटतं ते याच एका कारणाने. टाकीच्याच तुकड्यातून पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या कापा. टाकीचा तुकडा उरला नसेल तर ठिबकची जुनी काळी नळी चालते, पण आतले क्षार घासून काढा आणि आधी तिचाही दुमडून सराव करा.

हीट गन २८० ते ३०० अंशांच्या आसपास ठेवा. काडी आणि खाच दोन्ही एकाच वेळी चकाकायला लागल्या की काडी दाबून बसवत पुढे सरका. नुसती काडी वितळवून खाचेत ओतली तर ती मेणबत्तीच्या मेणासारखी वर बसते. धूर दिसला तर गन लांब घ्या, करपलेला भाग खरवडून पुन्हा करा. भरून झाल्यावर पाणी मारून थंड करू नका, आपोआप थंड होऊ द्या. पटकन थंड केलेला जोड आतून ताणलेला राहतो.

हे काम टाकीत बसून करायचं नाही. बाहेरून करा, किंवा टाकी आडवी करून दार वाऱ्याच्या बाजूला ठेवा. वितळलेल्या प्लास्टिकचा धूर बंद जागेत काही मिनिटांत डोकं धरतो. जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवा, कारण बाजूला तुमचंच बारदान आणि कडबा पडलेला असतो.

काही टाक्यांत तीन थर असतात आणि मधला फेसाळ असतो. खरवडताना स्पंजासारखा थर दिसला तर वेल्डिंगवर भार टाकू नका, ठिगळच लावा.

दहावी: पुरलेली टाकी

पाणवठ्याच्या काठाला पक्ष्यांच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो मिळावा म्हणून टाकी अर्धी जमिनीत पुरतात. उन्हाळ्यात ती उत्तम चालते. पावसाळ्यात भूजल वर आलं की अडचण सुरू होते. हजार लिटरची रिकामी टाकी निम्म्यापर्यंत पाण्यात गेली की तिला खालून साधारण ५०० किलोचा रेटा मिळतो. टाकीचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलो. ती वर येणारच, आणि येताना बुडाची चीर उघडणारच. कापसाच्या काळ्या जमिनीत आणखी एक त्रास: माती ओली होऊन फुगते, बाजूने दाबते, भिंत आत येते. या टाक्या आतून बाहेर येणारा दाब सोसायला केलेल्या असतात, बाहेरून आत येणारा नाही.

म्हणून पुरलेल्या टाकीतली चीर जोडण्याआधी खड्डा बघा. भोवती वीतभर जागा ठेवून काळी माती काढा, मुरूम भरा. उताराच्या बाजूला पाणी निघून जायला चर काढा. बुडाला चार-पाच बोटभर भोकं पाडून ठेवा, म्हणजे भूजल आलं तर आत येईल, टाकीला उचलणार नाही. लपणाला बूड कोरडं नसलं तरी चालतं, तरंगलेलं चालत नाही. सगळ्यात साधा उपाय म्हणजे मेअखेर टाकी वर काढून ठेवणं आणि दिवाळीनंतर पुन्हा बसवणं. उजनीच्या काठावर, जिथे पाणी मीटरच्या मीटर चढतं, तिथे दुसरा उपाय नाहीच.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

टाकी माणसाच्या उंचीपेक्षा वर, माळ्यावर बसवायची असेल तर फॅब्रिकेटरला बोलवा. प्लास्टिकच्या बुडाखाली सगळीकडे आधार लागतो, चार अँगलवर टेकवलेली टाकी मधून खचते आणि माणसासकट खाली येते. अँगल किती जाडीचा, पाय किती खोल, तिरपे ताण कुठे, हे अंदाजाने ठरवायचं काम नाही. उभं करताना वरून विजेची तार जात असेल तर जागाच बदला.

चीर घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून लांब असेल किंवा तळाच्या वळणातून जात असेल आणि टाकी स्टँडवर जाणार असेल, तर घरची हीट गन बाजूला ठेवा. प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे एक्सट्रुजन गन असते, तो एकाच फेरीत जाड, सलग जोड देतो. ठिबक आणि एचडीपीई पाइपाचं काम करणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे अशा माणसाचा पत्ता असतो.

आत साप दिसला तर काठी घेऊन मागे लागू नका, दार उघडं ठेवून लांब व्हा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. रोज आत शिरण्याआधी बाहेरून भिंतीवर थाप मारा आणि टॉर्चने फळीखाली बघा. घोणस आणि मण्यार दोन्हींना अशी जागा आवडते.

वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की लपण सोडा. मोकळ्या माळावरची टाकी विजेपासून वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते कळवतं.

रानडुकरांनी पीक खाल्लं असेल तर लपणात बसून त्यांच्या अंगावर जाऊ नका. डबा वाजवा, बॅटरी मारा, फटाका लावा आणि नुकसानीचे फोटो काढून वनखात्याकडे लवकरात लवकर भरपाईचा अर्ज करा. जखमी रानडुक्कर माणसाला फाडतं.

आणि पहिल्या तपासणीत चाकूखाली भुगा पडलेली टाकी असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. चांगल्या बाजूचे तुकडे ठिगळासाठी कापून घ्या, उरलेली भंगारवाल्याला द्या. तो ती वजनावर घेतो आणि तिचे दाणे होऊन पुन्हा वापरात येतात. बांधावर पेटवू नका.